डब्यातला तांबडा पट्टा

साखराबाईच्या मनात संशय शिरला की बैठक मारूनच बसायचा. वाडीतली माणसं म्हणायची, या म्हातारीला प्रसादाच्या शिऱ्यातसुद्धा खडा दिसतो. माणसांचं काय, बोलतात. पण खडा दिसायचे दिवस आता मागे पडले होते. साखराबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. उजेडात माणूस उभा राहिला तर सावली कळायची, लाल-पिवळं काही असलं तर डाग कळायचा, आणि घरात शिरलं की सगळा काळोखच.

ही गोष्ट तिनं कुणाला कळू दिली नव्हती. ज्वारी ती बोटांनी निवडायची. दारावरून कुणी चाललं की आधी आपणच खोकायची, मग येणारा काहीतरी बोलायचा आणि ती ठसक्यात त्याचं नाव घेऊन चौकशी करायची. सून मुक्ता आणि लेक बंकट दिवसभर कामाला जायचे, त्यामुळे नाटक निभत होतं.

नाटकाला कारणही तसंच होतं. मागं एकदा शेजारचा म्हातारा अंथरुणाला खिळला तेव्हा बंकट जेवता जेवता बोलून गेला होता, "माय, तुजे हातपाय, डोळं हाईत तवर बरंय. पुढं काय झालं तर शिरूरला ताईकडं ऱ्हा. आमी सहा महिने उसाच्या फडात, हितं तुला कोण बगणार?" बोलून तो विसरला. साखराबाई विसरली नाही. लेकीच्या दारात पडायचं, जावयाच्या घरचा घास खायचा, त्यापरीस विहीर बरी, असं तिचं मत होतं. आता विहिरीलाही पाणी नव्हतं, हा भाग वेगळा.

दरसाल दसरा झाला की बंकट आणि मुक्ता जोडीनं सहकारी कारखान्याच्या उसाला जायचे. मागं घर, देव आणि शेळी राखायला साखराबाई. तेवढं राखणदारीचं काम होतं म्हणून तिला घरात मान होता.

या साली दुष्काळानं कहर केला. जनावरं छावणीत गेली, दूध आटलं आणि दूध संघाचं दार बंद झालं. संघाची जुनी गाडी भंगारात निघाली. गाडीचा पाठीमागचा डबा चांगला जाड, उन्हाची झळ आत न येणारा. बंकटनं तो उचलला, खाली दोन चाकांचा सांगाडा जोडला, बाजूला खिडकी कापली. ट्रॅक्टरला जुंपला की घर चालायला लागणार. फडावरच्या पाचटाच्या कोपीत, त्या झोपडीत, थंडी काढण्यापरीस हे बरं, असं त्यानं सांगितलं. तिथवर साखराबाईलाही पटलं. पण मग मुक्तानं त्या डब्याला आतून रंग द्यायला काढला, आणि म्हातारीचं डोकं फिरलं.

कोपी कुणी रंगवत नाही. हंगाम संपला की ती पेटवून द्यायची असते. साखराबाईची जाऊ वत्सला, तिनं एका साली कोपीवर गेरूनं मोर काढले होते. लोक हसले होते. पण वत्सलाचं बिऱ्हाड त्या साली कारखान्यावरच राहिलं ते राहिलंच. वाडीतलं तिचं घर पडलं, पांढरी माती लोकांनी भरून नेली. तेव्हापासून साखराबाईच्या मनात पक्कं होतं, की ज्यानं कोपी नटवली त्यानं गाव सोडलं.

आणि इथं नुसते मोर नव्हते. ऑइलपेंटचा वास पार अंगणापर्यंत येत होता.

"मुक्ते," ती उंबऱ्यावर बसून म्हणाली, "नवरात्र तोंडावर आलं. घराचा दसरा काढायचा न्हाई व्हय? भांडी, गोधड्या, काय धुवाया काढलं न्हाईस. भिंतीला पांढऱ्या मातीचा पोतारा न्हाई."

"आत्या, पाणी कुठंय? टँकरची वाट बगून डोळं गेले."

"पाणी न्हाई आन त्या डब्याला रंग बरा घावतो?"

"त्याला पाणी लागत न्हाई. त्यात टर्पेंटाइन घालत्यात." मुक्ता हसली. "आंबट दुधाचा वास लई मारतो आत. त्याच्यावर दुसरा इलाज न्हाई."

उत्तर सरळ होतं. साखराबाईला सरळ उत्तर कधी पचलं आहे? ती रात्रीच्या भाकरीपर्यंत ते चघळत बसली.

पुढं एकेक जमत गेलं. सिरसाळ्याचा जमील पेंटर आला. ट्रकांवर फुलं आणि सिंह काढणारा माणूस. त्यानं आवाजात साखर घालून "सलाम चाची" केलं आणि डब्यात शिरला. मुक्ता आणि तो आत हळू आवाजात बोलत होते. साखराबाई काठी टेकत जवळ गेली तसं बोलणं तटकन थांबलं.

"काय चाललंय?"

"काय न्हाई चाची, ट्रकाच्या पायदानाला लावतो तसला रंग दाखवायलो," जमील म्हणाला. घराच्या भिंतीला पायदानाचा रंग! म्हातारीनं तेही गाठीला बांधलं.

त्याच आठवड्यात मुक्ता सुतळी घेऊन आली. "आत्या, जरा उभ्या ऱ्हा. चोळीचं माप घेते." साखराबाई उभी राहिली. सुतळी तिच्या पायापासून निघाली आणि लोंबत्या हाताच्या बोटांपर्यंत येऊन थांबली. मुक्तानं तिथं गाठ मारली आणि गेली.

पायापासून चोळीचं माप घेणारी शिंपीण बीड जिल्ह्यात अजून जन्माला यायची होती. पायापासून माप कशाचं घेतात ते साखराबाईला ठाऊक होतं. तिरडीचं. तिनं तीन वेळा थुंकून दृष्ट काढली, स्वतःचीच.

मग शेळी गेली. बंकटनं शेळी नेऊन शेजारच्या विमलबाईच्या दावणीला बांधली. "वैरण न्हाई, माय," एवढंच बोलला. आता सांगा, राखणदाराकडची शेळीच काढून घेतली तर राखायचं काय राहिलं? साखराबाईनं बोटं मोडली. घराला पोतारा नाही, शेळी दुसऱ्याकडं, डब्याला रंग. हे सहा महिन्यांचं जाणं नव्हतं. हे दोघं बिऱ्हाड उठवत होते. आणि उठवताना म्हातारीला वाटेत शिरूरला उतरवून देणार होते, पोतं उतरवतात तसं.

तिला रडू आलं. पण रडून डोळे पुसायला हात वर गेला की मुक्ता विचारणार, डोळ्याला काय झालं. म्हणून तिनं रडूही गिळलं.

दसऱ्याच्या दिवशी खात्रीच पटली. डब्याचं दार उघडं होतं, ऊन थेट आत पडलं होतं. अंगणातून साखराबाईला आतल्या पांढऱ्यावर एक लांबच लांब तांबडा डाग दिसला. दारापासून निघून आत वळत गेलेला. नव्या घराला, लग्नघराला काढतात तसा तांबडा पट्टा! गेरूचा पट्टा माणूस नव्या संसाराला ओढतो. आता आणखी काय पुरावा पाहिजे होता? ती त्या डब्यात पाऊल टाकायला गेली नाही. बोलवलं तरी गेली नाही. "तुमचं घर, तुमी ऱ्हावा," म्हणाली.

पण गप्प बसेल ती साखराबाई कसली. देवाशिवाय बिऱ्हाड उठत नाही, हे तिला माहीत होतं आणि बंकटलाही. देवांचे टाक जिथं बसतात तिथं घर. देव सापडले नाहीत तर बंकट लाख म्हणू दे, गाडी हलायची नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मुक्ता टँकरवर आणि बंकट मुकादमाकडं गेला, तशी म्हातारी चाचपडत देव्हाऱ्याशी आली. काल देव उठवून मुक्तानं तांबड्या खणात बांधून ठेवले होते. हाताला खण लागला, आतून धातू वाजला. तिनं कपाळाला लावून माफी मागितली आणि पुरचुंडी ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत खोल खुपसली.

तिसऱ्या प्रहरी ट्रॅक्टर आला. चालवणारा रामहरी, ऊसतोडीच्या टोळीतलाच पोरगेला गडी, घाईवर आलेला. डबा जुंपला. बंकट भांडी चढवत होता. साखराबाई अंगणाच्या मधोमध काठी रोवून उभी राहिली.

"देव हारवले," ती म्हणाली. "देव्हारा रिकामा हाय. देवाबिगर गाडी हालायची न्हाई."

बंकटच्या हातातलं पातेलं खाली पडलं. "काय बोलतीस, माय?"

मुक्ता घरात गेली. साखराबाईनं कान टवकारले. आतून हंबरडा येईल, कपाळ बडवल्याचा आवाज येईल. काहीच आलं नाही. मुक्ताची पावलं तशीच परत आली.

"देव जाग्यावरच हाईत, आत्या. हे बगा."

तांबडा खण साखराबाईच्या हातात आला. तिनं गाठ सोडली. बोटाला खंडोबा लागला, भवानी लागली, आणि वाडवडिलांचा झिजलेला वीर. मग कणगीत काय? आणि तिला उमगलं. लक्ष्मीपूजनाला मांडायचे निजामाच्या काळातले ढब्बू पैसे, तेही तशाच खणात असायचे, देव्हाऱ्याच्या शेजारच्या कोनाड्यात.

"आरं, म्हंजे समोर असून तुला दिसले न्हाईत?" बंकट जवळ आला. त्याचा आवाज बदलला होता. "माय, हिकडं बग. माज्या तोंडाकडं बग."

साखराबाईला वाटलं, संपलं. आता शिरूर.

"त्यांना कुठून दिसतील?" मुक्ता मध्येच म्हणाली. "सकाळी मीच देव्हाऱ्यातच भांड्यांमागं सारले होते. ध्यानात ऱ्हायलं न्हाई. तुमी आधी ती घागर बांधा, सांडंल."

बंकट पुटपुटत घागरीकडं गेला. साखराबाई जागची हलली नाही. सून खोटं बोलली होती. सरळ तोंडावर, तिच्याचसाठी. आयुष्यभर लोकांच्या खऱ्या बोलण्यावर संशय घेतलेल्या बाईला या खोट्यावर मात्र संशय घेता येईना.

मुक्तानं तिचं मनगट धरलं. "चला, आत्या."

"कुठं?"

"आत. देव मांडायचे हाईत."

पायरी चढल्यावर मुक्तानं तिची बोटं दाराच्या आतल्या भिंतीवर ठेवली. लोंबता हात सहज पोचेल तेवढ्याच उंचीवर, त्या दिवशी सुतळीला गाठ पडली होती तिथं, काहीतरी खरखरीत लागलं, चार बोटं रुंद.

"रंगात वाळू कालवलीय जमीलभाईनं. ट्रकावर पाय घसरू न्हाई म्हणून लावत्यात, तसली. हाच धरून चला. हितं तुमचं अंथरूण. पुढं पाण्याचा माठ, तिथं पट्टा रुंद केलाय. पुढं चूल हाय, तिथं पट्टा थांबतो. थांबला की तुमी बी थांबायचं. तांबडा कावून, तर तेवढा रंग तुमाला दिसतो म्हणून."

साखराबाईनं तो खरखरीत पट्टा पुन्हा एकदा चाचपला. मग अगदी हळू तिनं विचारलं, "तुला कवा कळलं?"

"मागल्या उन्हाळ्यात. तुमी मलाच विमलबाई समजून चौकशी केली."

"आन बंकटला?"

"न्हाई सांगितलं. त्यांना म्हणलं टँकरचं पाणी तुमाला झेपायचं न्हाई, म्हणून संगट न्यायचं. पट्टा म्हणलं शोभेचा. डोळ्याचं कळलं असतं तर त्यांनी तुमाला शिरूरला नेऊन सोडलं असतं. मला ठाव हाय तुमाला ते किती लागंल. आधीच सांगितलं असतं तर तुमी घर सोडून येते म्हणला असता का? म्हणून गप ऱ्हायले, त्यांना बी गप ठिवलं. तिथं कारखान्याच्या दवाखान्यात डोळ्याचं बी बगू."

म्हातारीला लाज वाटली. चारचौघांत पदर ढळल्यावर वाटते तशी लाज. या पोरीच्या प्रत्येक पावलावर तिनं पाळत ठेवली होती, आणि ही पोर तिचीच लाज झाकत हिंडत होती. तिनं मुक्ताचं तोंड चाचपलं, गालावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली.

बाहेरून बंकट ओरडला, "झालं का? निघायचं का?"

मुक्ता "झालं" म्हणणार होती. साखराबाईनं तिच्या दंडावर हात ठेवला. या पोरीनं किती दिवस ओझं वाहायचं? नवऱ्याशी किती खोटं बोलायचं?

"बंकट," तिनं हाक मारली, "आत ये. मला दिसत न्हाई रे. लई दिवस झाले. देव मीच लपवाया गेलते, आन आंधळेपणात पैसे लपवले. कणगीत हाईत, काढून घे. तुज्या बायकूनं माज्यासाठी हा पट्टा वढलाय. आता तुला काय करायचं ते कर."

पायरी करकरली. बंकट आत आला होता. साखराबाई देवांची पुरचुंडी पोटाशी धरून अंथरुणावर बसून राहिली. शिरूरचं नाव कधी येतंय त्याची वाट बघत.

तिला फक्त भिंतीवर तळहात घासल्याचा आवाज ऐकू आला. दारापासून. हळूहळू. अंथरुणावरून पुढं, माठापाशी क्षणभर थांबून पुन्हा पुढं, थेट चुलीपर्यंत. मग परत.

दारातून रामहरी हसत म्हणाला, "आरं बंकट, डोळं मिटून कावून चालतुया बे? पडशील की!"

भिंतीवरचा आवाज साखराबाईजवळ येऊन थांबला आणि बंकटचा हात तिच्या खांद्यावर बसला.

"चल, रामहरी," तो म्हणाला. "सावकाश हाण. माय हाय आत."