शुक्रवारची वाळू

"झाडू नका. इकडं द्या ती विजार," झुलेखा म्हणाली.

यूनुसने लुंगी गुंडाळली आणि विजार तिच्या हातात दिली. तिने जमिनीवर जुनं वर्तमानपत्र पसरलं, विजारीच्या दोन्ही दुमडी उलट्या केल्या आणि आतली वाळू कागदावर ओतली. चांगली मूठभर होती.

"आज लय हाय. मेमसाब लांब फिरायला गेली वाटतं."

"जाते. ओहोटीला चालायला आवडतं तिला. शिंपले गोळा करते."

"आन तुमी?"

"मी काय, पिशवी धरतंव."

पिशवी धरतो म्हणे! झुलेखाने कागदाची पुडी वळली आणि अंगणातल्या नळाशी फेकून दिली. दर शुक्रवारी संध्याकाळी हेच चालायचं. नवऱ्याच्या विजारीतून समुद्र घरी यायचा आणि ती तो केराबरोबर बाहेर टाकायची.

कुवेतमध्ये रुपया जाऊन दिनार आला त्याच्या दुसऱ्या वर्षी ती इथे आली. माहेर हर्णैचं. बाप मचव्यावर तांडेल. मागच्या दारातून उतरलं की वाळू, आणि रात्रंदिवस कानात समुद्राची गाज. लग्न ठरलं तेव्हा मुलगा कुवेतला असतो, आणि कुवेत दर्याकाठी आहे, एवढं ऐकूनच तिने मान हलवली होती. प्रत्यक्षात वाट्याला आली मिरकाबच्या मागच्या गल्लीतली एक खोली, एक शिवणयंत्र आणि समोर आंधळी भिंत. समुद्र होता, पण बाईमाणसाने एकटीने जायचं कसं? आणि ज्याच्याबरोबर जायचं तो आठवड्याचे सहा दिवस बांधकाम कंपनीची गाडी हाकायचा आणि सातव्या दिवशी फॉली साहेबाच्या मेमला घेऊन समुद्रावर जायचा.

फॉली साहेब आणि मेम आयर्लंडचे. मेमच्या लहानपणी तिचे आईबाप सगळ्या पोरांना घेऊन तिथल्या समुद्रावर तंबू टाकून राहायचे. तोच हिरवा जाड तंबू तिने जहाजातून इथवर आणला होता. यूनुसला त्या गोष्टी पाठ होत्या, आणि त्या सांगताना त्याचा चेहरा असा खुलायचा की झुलेखाच्या हातातली सुई थांबायची.

"तिकडं तंबू टाकला की पाऊस आलाच म्हून समज. पोरं थंडीनं निळी पडायची. पावात वाळू, चायमदी वाळू. तरी दर्यावर जायाचं म्हंजे जायाचं!"

"खुळी हायत. घरदार नाय काय त्यांना?"

"घर हाय की. पण मौज असते ती."

"हो ना," झुलेखा म्हणाली. "मौज करावी तर आमच्या जुम्म्याच्या दिवशीच करावी."

यूनुस हसायचा. साधा माणूस. साध्या माणसांचा हाच त्रास असतो, त्यांना टोमणा मारला तरी तो लागत नाही आणि मारणाऱ्याचाच हात दुखतो.

त्याच अंगणात श्रीवर्धनची मुनिरा राहायची. ती एकदा झंपर शिवून न्यायला आली आणि बसल्या बसल्या म्हणाली, "दिसायला कशी हाय गो तुझी मेम?"

"मना काय ठाऊक. मी कुठं बघितली?"

"मग बघून ये भाभी. न बघितलेली बाई नेहमी देखणी असते."

ते मात्र लागलं. त्या आठवड्यात झुलेखाने हट्टच धरला. येत्या जुम्म्याला मीही येणार. यूनुसने मान खाजवली, साहेबांना विचारायला हवं म्हणाला. तिला वाटलं, मेम नाही म्हणेल. म्हणजे मग भांडायला एक चांगलं कारण मिळेल. पण मेम आनंदाने हो म्हणाली, वर म्हणाली, अजून आधी का नाही आणलंस? झुलेखाला त्याचाही राग आला. आपल्याच नवऱ्याबरोबर जायला परवानगी द्यायची ही कोण?

शुक्रवारी पहाटे उठून तिने नारळाच्या दुधात सांदणं वाफवली, सुरमईच्या तुकड्या तळल्या आणि ईदची जांभळी साडी नेसली, वरून बुरखा. गाडीत ती मागे बसली. पुढे यूनुसच्या शेजारी साहेब. आणि मागे, तिच्या शेजारी, मेम.

मेम देखणी नव्हती. नाकावर आणि हातांवर ठिपके, घोटे जाड, केस उन्हाने गवतासारखे झालेले. वयानेही चाळिशीची. झुलेखाचा जीव भांड्यात पडला. पण तो फार वेळ भांड्यात राहिला नाही.

सलव्याकडच्या ओसाड किनाऱ्यावर गाडी थांबली. साहेब गळ घेऊन दूरच्या खडकांकडे निघून गेला. यूनुसने आधी स्टो पेटवला आणि चहा केला. पेल्यात आधी डब्यातलं दूध ओतलं, मग काळाकुट्ट उकळलेला चहा, साखर नाही. न विचारता त्याने पेला मेमच्या हातात दिला आणि मेमने न बघता घेतला, जसं घरातलं माणूस घेतं. झुलेखा बघत राहिली. लग्न झाल्यापासून या माणसाने तिला पाण्याचा पेला भरून दिला नव्हता. चहा करता येतो हेही तिला आज कळत होतं.

"तुला पाहिजे काय चाय?" त्याने विचारलं.

"नको," ती म्हणाली. विचारून दिलेला चहा तिला नको होता.

मग तंबू निघाला. जुना, ठिकठिकाणी ठिगळं लावलेला. यूनुस एका टोकाला, मेम दुसऱ्या टोकाला. एक शब्द न बोलता दोघं कापड ताणत होती, खुंट्या पुढे करत होती. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. झुलेखाच्या अंगात कुठून आलं कोण जाणे, बुरखा मागे सारून ती पुढे झाली.

"हितं नको. हितली वाळू भुसभुशीत, खुंट्या धरणार नायत. खाली लावा, पाण्याच्या बाजूला."

"अगो, पाणी वर येईल," यूनुस म्हणाला. "आमी नेहमी हितंच लावतंव."

त्या 'आमी'ने होती नव्हती ती कसर भरून काढली.

"तांडेलाच्या पोरीला दर्या शिकवतांव? आज चांदाची आठ. भांगाचं पाणी ते, कमीच चढायचं, वर कशाला येतंय? आन आलंच तर पयली गाज येईल. कान हायत ना मना?"

मेमने यूनुसकडे पाहिलं. त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. मेम हसली, झुलेखाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "समुंदर का बेटी! ठीक. नीचे." तिने स्वतःच खुंट्या उपटल्या.

तंबू खाली, घट्ट ओलसर वाळूवर उभा राहिला. खुंट्या झकास बसल्या. पाणी लांब, नजर पोचेल तिथे, एका चकचकीत रेघेएवढं होतं. झुलेखाला कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतल्यासारखं वाटलं. आज या किनाऱ्यावर तिचा शब्द चालला होता.

दुपारी यूनुस गाडी घेऊन नमाजला गेला. दोघी बायका तंबूत जेवल्या. मेमने सांदण खाल्लं, बोटं चाटली आणि मग वरची ठिगळं एकेक दाखवायला लागली. "ममी," ती म्हणाली. "माय ममी." आईने शिवलेली. झुलेखाने टाका हाताने चाचपून पाहिला. बारीक, दुहेरी, शिडाला घालतात तसा. ज्या बाईने घातला तिचा हात चांगला होता. एरवी तिने तसं बोलून दाखवलं असतं. आज तिने मान फिरवली आणि कूस बदलली. मेमची आई चांगली निघाली तर ते तिला नको होतं.

ऊन, पोटात सांदणं आणि मेमचं मंद घोरणं. झुलेखाचा डोळा लागला. झोपेतही तिचे कान समुद्राकडे होते. हर्णैला पाणी चढायला लागलं की आधी आवाज चढतो, मग लाटा. झोपलेलं माणूस कूस बदलतं आणि मनात म्हणतं, भरती लागली. इथे काहीच आवाज आला नाही.

जाग आली ती पाठ ओली झाली म्हणून. जांभळी साडी पाण्यात होती. तंबूत घोटाभर पाणी, त्यावर पावाचे तुकडे आणि मेमच्या चपला तरंगत होत्या. बाहेर सगळीकडे सपाट, शांत पाणी. एक लाट नाही, एक फेस नाही. सपाट किनाऱ्यावर चोरपावलांनी आलेला तो समुद्र तिच्या ओळखीचा नव्हताच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

"मेमसाब! उठो! पानी!"

दोघी धडपडत बाहेर आल्या. तेवढ्यात वर गाडी थांबली. यूनुस डोक्यावरच्या टोपीसकट, बुटांसकट पाण्यात धावला. झुलेखा गुडघाभर पाण्यात उभी होती. तो तिच्या अंगावरून पुढे गेला आणि त्याने तंबूचा मधला खांब धरला. मेम म्हणाली, "नो, यूनुस, नो," पण त्याने सगळ्या ताकदीने कापड ओढलं. ओल्या वाळूत घट्ट बसलेल्या खुंट्या सुटेनात. कापडच फाटलं, कळसापासून खालपर्यंत, जुन्या टाक्यांवरून.

खडकांकडून साहेब धावत आला. ओरडायला लागला. नीचे किसने लगाया? कोणा गाढवाने?

झुलेखाने तोंड उघडलं. तिला हिंदी येत होती. एवढं सांगायला किती शब्द लागतात?

"मैंने, साहब," यूनुस म्हणाला. "मेरी गलती."

मेमने यूनुसकडे पाहिलं, मग झुलेखाकडे. वाळूत बसून तिने तो फाटका ओला तंबू मांडीवर घेतला आणि पिळायला लागली. साहेबाचं ओरडणं झुलेखाला सोसलं. ते पिळणं सोसलं नाही.

घराच्या दारात तिने विचारलं, "माजं नाव का नाय सांगितलंव?"

"तुजं नाव कशाला?" तो म्हणाला. "तुला समुद्र बघायचा होता. बघितलास."

तो टोमणा नव्हता. तो टोमणे मारतच नसे. टोमणा असता तर तिने परतवला असता.

"तंबू पाठवा म्हणावं माज्याकडं. मी शिवून देतंय. तसाच टाका घालीन."

"साहेबानं टाकून दिला तो. नवीन मागवणार हाय."

पुढच्या शुक्रवारी गाडीवर दुसरा ड्रायव्हर गेला, त्याच्या पुढच्याही. साहेबाने यूनुसची शुक्रवारची पाळीच काढून घेतली. झुलेखाला हवं होतं ते सगळं मिळालं. नवरा शुक्रवारी घरी. मुनिरा म्हणाली, "जिंकलीस गो!" झुलेखा हसली आणि शिवणयंत्राचं चाक फिरवत राहिली.

यूनुस नमाजहून यायचा, जेवायचा, आडवा व्हायचा. मग उठून दारात बसायचा आणि समोरच्या भिंतीकडे बघायचा. मेमचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. आयर्लंडचा पाऊस, निळी पडलेली पोरं, सगळं बंद झालं. झुलेखाने एकदा आपणहून विचारलं, "तिकडं आता पाऊस असेल, नाय?" तो म्हणाला, "असेल." संध्याकाळी सवयीने तिने त्याच्या विजारीच्या दुमडी कागदावर उलट्या केल्या. काही पडलं नाही.

असाच एक शुक्रवार. ती यंत्रावर होती, डोकं दुखत होतं, आणि मागे स्टो पेटल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर यूनुस उकिडवा बसून चहा करत होता. तिच्यासाठी, न सांगता. त्याने पेल्यात आधी डब्यातलं दूध ओतलं, मग काळाकुट्ट उकळलेला चहा. साखरेच्या डब्याकडे त्याचा हात गेलाच नाही. पेला त्याने न बोलता तिच्यापुढे धरला.

झुलेखाला चहा गोडच हवा असायचा, गुळाच्या खड्यासारखा.

तिने पेला घेतला. न बघता घेतला, घरातलं माणूस घेतं तसा.

"बरा झालाय?" त्याने विचारलं.

"बरा झालाय," ती म्हणाली, आणि कडू चहा तळापर्यंत प्याली.