निशाणी एकेचाळीस

मित्रांनो, मी एक जुना दाभण. सुईचा थोरला भाऊ म्हणा हवं तर. वीतभर लांबी, टोकाजवळ नेढं आणि लाकडाची मूठ. एका लोहाराने मला मोडक्या कानशीच्या पोलादातून घडवलं. त्यामुळे मी सहजासहजी वाकत नाही. हा गुण म्हणा, नाहीतर खोड.

मला घडवून घेतलं ते दिवाणी न्यायालयातल्या एका कारकुनाने. घर, जमीन, वाट, वारसा असली भांडणं तिथे चालतात आणि प्रत्येक भांडणाचे कागद साठत जातात. ते कागद एकत्र शिवणं हे आमचं काम. गठ्ठ्याला तीन टाके आणि वर गाठ. सगळे त्या कारकुनाला दोरेकाका म्हणत. काकांनी शिवलेल्या गठ्ठ्यातून पान निसटलं, असं कधी झालं नाही.

एकदा मी टेबलावरून फरशीवर पडलो आणि माझ्या टोकाचा कपचा उडाला. तेव्हापासून माझं भोक गोल पडेना. त्याला एका बाजूला बारीक शेपटी येऊ लागली, अगदी स्वल्पविरामासारखी.

"आता नवा घ्या की," शेजारच्या टेबलावरची टंकलेखिका म्हणाली.

"कशाला? दिवाणी दाव्यात पूर्णविराम कुणी पाहिलाय?" काका म्हणाले. "इथे स्वल्पविरामच शोभतो."

असाच एक दावा एका गादीवालीचा होता. तिच्या घराचं पुढचं दार अडीच फुटांचं, त्यातून जिन्याला वळण. मोठी गादी तिथून निघतच नसे. ती मागच्या बोळातून जाई. एके दिवशी शेजाऱ्याने बोळ आपला म्हणून त्यावर आडवी भिंत घातली. गादीवालीकडे एक नकाशा होता. तिच्या आणि शेजाऱ्याच्या वडिलांनी मिळून काढलेला, दोघांच्या सह्यांचा. त्यात बोळ दोन्ही घरांचा दाखवला होता. दावा दाखल झाला त्या दिवशी काकांनी तो नकाशा बाकीच्या पानांबरोबर शिवला. ती उभी राहून बघत होती.

"दाभणाचं टोक गेलंय, काका."

"माझाही एक दात गेलाय. पण दोघांचं काम चालू आहे."

वर्षं गेली. मोठ्या गाद्यांची कामं ती नाकारत राहिली, पण एकही तारीख तिने चुकवली नाही.

मग न्यायालयात यंत्रं आली. गठ्ठे उसवून पानापानाची छबी संगणकात जाऊ लागली आणि मी खणात पडलो, सुकलेल्या शाईच्या डब्यांशेजारी. वाईट वाटलं, पण खोटं बोलणार नाही. यंत्र कामाचं होतं. पूर्वी नुसती पुढची तारीख विचारायला गादीवालीचा अख्खा दिवस मोडायचा, आता ती मोबाईलवर कळे. चूक यंत्राची नव्हतीच. नकाशाला चार घड्या होत्या, तो यंत्रात जाईना. कुणीतरी "नंतर करू" म्हणून तो बाजूला ठेवला आणि ते नंतर काही आलं नाही. उरलेल्या पानांवर यंत्राने ओळीने नवे पान क्रमांक घातले, त्यामुळे मधे काही राहिलंय हेही दिसेना.

शेवटच्या सुनावणीला शेजाऱ्याचे वकील आपल्या कचेरीतूनच पडद्यावर हजर झाले.

"साहेब, संगणकावरच्या दाव्यात हा नकाशा नाही. मूळ गठ्ठ्यात तो सुटा सापडतो. म्हणजे मागाहून घुसवला आहे."

सह्या करणारे दोघेही वडील आता हयात नव्हते. नकाशा गेला की बोळ गेला, आणि बोळाबरोबर गादीवालीचं कामही.

"पण याला शिवल्याची भोकं आहेत," न्यायाधीश म्हणाले.

"भोकं काय साहेब, कुणीही पाडेल."

गादीवाली उठली. तिच्या वकीलबाईंनी बाही ओढली, तरी ती बसली नाही.

"साहेब, मी बोलू?"

"बोला. थोडक्यात."

"टाका उसवता येतो, भोक उसवता येत नाही. या भोकांना शेपटी आहे बघा. वरची डावीकडे, मधली खाली, शेवटची तिरकी. दर टाक्याला दाभण हातात थोडा फिरतो ना, म्हणून. आता त्याच दिवशीच्या बाकीच्या पानांवर बघा."

"तुम्हाला हे कसं कळलं?"

"जन्म गेला टाके घालण्यात. कुणाची गादी कुणाच्या हातची, ते मी भोकावरून सांगते."

"तोच दाभण घेऊन काल पाडली असतील!" पडद्यावरून आवाज आला.

मग मला खणातून काढलं. दोरेकाकांनी न्यायाधीशांसमोर कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्याला तीन भोकं पाडली, मग दुसऱ्या गठ्ठ्याला तीन. शेपट्या होत्या, पण प्रत्येक वेळी त्यांचा रोख वेगळा.

"पुन्हा अगदी पहिल्यासारखी जमतील?"

"साहेब, माझ्या बापाला जमणार नाहीत."

न्यायाधीशांनी दाव्याची दोन पानं घेतली, मधे नकाशा ठेवला आणि तिन्ही कागद खिडकीच्या उजेडात धरले. तिन्ही भोकांतून ऊन आलं, शेपट्यांसकट. पडद्यावरचे वकील तावातावाने हात हलवू लागले.

"वकीलसाहेब," न्यायाधीश म्हणाले, "तुमचा आवाज बंद आहे."

भिंत पाडण्याचा निकाल झाला. भिंत पडली त्या दिवशी गादीवालीने सगळ्यात मोठी गादी त्या बोळातून बाहेर काढली, न दुमडता. निकालाची प्रत न्यायला आली तेव्हा तिने हे काकांना दोनदा सांगितलं.

पण शेजाऱ्याने वरच्या न्यायालयात अपील केलं आहे. म्हणून मीही पुराव्यात जमा झालो. पुराव्यातल्या वस्तूला इथे निशाणी म्हणतात. मी निशाणी एकेचाळीस. मला पाकिटात घालून पाकीट गठ्ठ्याला शिवायचं होतं, तेव्हा काकांना दुसरा दाभण उसना आणावा लागला. मी आत होतो ना!

मित्रांनो, जुना कागद यंत्रात गेला म्हणून लगेच टाकू नका. आधी घडी उलगडून बघा, पान उलटून बघा. आणि "नंतर करू" म्हणून बाजूला ठेवलेलं त्याच दिवशी संपवा. त्यावर कुणाची तरी वाट अवलंबून असते.

माझी काळजी नको. अपिलाची तारीख लागेल तेव्हा पाकीट फोडा आणि कोरा कागद पुढे करा. टोक मोडकं असलं तरी मी तयार आहे.