अथीरचा राखणदार

अथीरच्या सरकारचा नियम सरळ होता. परदेशी शिकणाऱ्या मुलीबरोबर घरचा पुरुष हवा. तो माघारी गेला की शिष्यवृत्ती बंद. म्हणून रियाधहून इंग्लंडला येताना एकतीस वर्षांच्या अथीरला सांभाळायला तिचा वीस वर्षांचा भाऊ मुतलक आला. सांभाळणं कसलं डोंबलाचं. सकाळी त्याला उठवायचं हिने, भात-मटण रांधायचं हिने, त्याचे मोजे शोधायचे हिने, आणि प्रयोगशाळेतून यायला उशीर झाला की आईचा फोन, "पोरगं उपाशी आहे गं."

मुतलकचा व्हिसा इंग्रजीच्या वर्गावर होता. साहेब वर्गात झोपा काढायचे, म्हणून घरून द्यायचे निबंधही हीच लिहायची. तिथेच घात झाला. मुद्दाम वाईट लिहिणं काही तिला जमेना. निबंधांच्या गुणांवर भाऊ एकेक पायरी चढत शेवटच्या वर्गातूनही पास झाला. वर्ग संपले, व्हिसाही संपत आला. आणि हिच्या प्रबंधाला अजून सात महिने हवे होते.

"दुसरा कुठला तरी वर्ग धर," ती म्हणाली. "सातच महिने."

"नको ताई. कंटाळलोय मी." मुतलक खाली बघत होता. "मित्र नोकरीला लागले, लग्नं झाली त्यांची. मी इथे खिडकीत बसून तुझी वाट बघतोय. मला कुणी विचारलं होतं?"

तिला चिडायचं होतं, पण जमलं नाही. खरंच कुणी विचारलं नव्हतं, तिनेही नाही.

शुक्रवारी आईचा फोन आला. "तोडगा निघालाय. तुझा चुलतभाऊ दहाम तिकडे यायला तयार आहे. नुसता चुलतभाऊ नियमात बसत नाही, म्हणून बाबा इथेच तुमचा निकाह लावतील, तू फक्त हो म्हण."

"त्याला मी दोनदा नाही म्हटलंय, आई."

"मग आताही नाही म्हण. आणि भावाबरोबर घरी ये. जबरदस्ती कुणाचीच नाही."

टेबलावर प्रबंधाची पाच प्रकरणं तयार होती, सहावं अर्धं. अथीरने ती अर्धी पानं सारखी करून ठेवली. मग हळूच म्हणाली, "चालेल."

"लाजली बघा माझी लेक," आई तिकडे कुणाला तरी सांगत होती. मागे बायकांचा आनंदाचा गलका उठला.

अथीरने फोन ठेवला, बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडली. थोड्या वेळाने दारावर टकटक झाली.

"ताई, काय सांगितलंस?"

"हो म्हणाले."



"दहामला चहासुद्धा करता येत नाही गं," मुतलक दाराबाहेरून म्हणाला.

"माहीत आहे," अथीर म्हणाली, आणि तोंड पुसून भात लावायला गेली.