संपावरची घूस

मी घूस बोलतेय. नाक मुरडू नका. धान्य पोखरणारी ती बिळातली मी नव्हे. मी रबरी कापडाची, दुमजली घराएवढी उंच, पिवळे दात, लाल डोळे आणि पोटावर खरजेचे ठसठशीत फोड असलेली. हवा भरली की उभी राहते, हवा काढली की एका पोत्यात मावते. अमेरिकेतल्या एरी तळ्याकाठच्या आमच्या शहरात मला ओळखत नाही असा माणूस नाही, आणि मला पाहून गाडी वळवत नाही असा ट्रकवाला अजून जन्माला यायचाय.

माझा जन्मच संपासाठी झाला. मालकाने कामगारांशी दगा केला की त्याच्या फुटपाथवर मला उभी करायची, तोंड त्याच्या दाराकडे. म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला कळतं, घाण आत आहे. नळवाले, वायरमन, हॉटेलात चादरी बदलणाऱ्या बाया, सगळ्यांच्या युनियननी मिळून मला शिवून घेतलं. म्हणून मी कुणा एकाची नाही. माझा कायदा मात्र एकच. घूस उभी असली की तिच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही. हा कायदा कुठे लिहून ठेवलेला नाही, तो आईच्या दुधातून येतो.

मला सांभाळायचा लॉइड काझमारेक, विजेच्या कामातला जुना माणूस. पंखा लावला की माझ्या पोटावर थाप मारून म्हणायचा, "उठा म्हातारबाई, ड्युटी आलीये." तेवढ्यानं मला हुरूप यायचा.

एका शरदात संगीतसभागृहातल्या वादकांकडून बोलावणं आलं. तिथला मोठा वाद्यवृंद संपावर गेला होता. निवृत्त होणाऱ्यांच्या खुर्च्या रिकाम्या ठेवायच्या आणि लागेल तेव्हा रोजंदारीवर वादक आणायचे, असा करार मालक मंडळी त्यांच्या गळ्यात मारत होती.

"व्हायोलिनवाले कधीपासून कामगार झाले?" लॉइड दोऱ्या बांधता बांधता कुरकुरला.

"हात चालवतात तेव्हाच पोट भरतं ना त्यांचं? मग झाले की!" ओडेसा टिब्ज म्हणाली. "तू आपल्या गाठी नीट मार, भाऊ. मागच्या खेपेला म्हातारी तोंडावर पडली होती."

ही ओडेसा त्याच सभागृहाची झाडलोट करायची. सफाईवाल्यांच्या युनियनची पुढारी. संप वादकांचा, पण तिच्या बायकांपैकी एकही आत गेली नाही. स्वतःची मजुरी बुडवून त्या वादकांच्या रांगेत निदर्शनं करत चालल्या. ओडेसा घरून राजम्याच्या सुपाचं पातेलं आणि मक्याचा पाव आणायची. सेलो वाजवणारे नाजूक बोटांचे लोक माझ्या शेपटीशी आडोशाला बसून ते सूप ओरपायचे.

वादकांची पुढारी मेरिडिथ ओसगुड. ती ओबो वाजवायची. ओबो म्हणजे आपल्या सनईची विलायती बहीण. वाद्यवृंदात आधी ओबो एक सूर देतो, मग बाकीचे आपापली वाद्यं त्याच्याशी जुळवून घेतात. ही सवय त्यांच्या इतकी हाडात मुरलेली, की फुटपाथवर घोषणा द्यायची तरी मेरिडिथने ओबोवर सूर दिल्याशिवाय कुणी तोंड उघडेना!

ओडेसा पोट धरून हसायची. "अगं बाई, शिव्यासुद्धा सुरात! ये माझ्याकडे, बेसूर कसं भांडायचं ते शिकवते."

मग एका बड्या पाहुण्या कलाकाराचा पियानो घेऊन ट्रक आला. ड्रायव्हरने मला पाहिलं, टोपीला हात लावला आणि गाडी वळवली. पियानोच नाही म्हटल्यावर मालक मंडळी मऊ झाली. करार झाला, खुर्च्या वाचल्या. कामगारांच्या साप्ताहिकात पहिल्या पानावर बातमी आली, "वादक जिंकले", आणि खाली माझा फोटो. मेरिडिथने ओडेसाला मिठी मारली. आमच्या युनियनमध्ये सगळे एकमेकांना भाऊ-बहीण म्हणतात. "बहिणी," ती म्हणाली, "तुमच्यावर वेळ येईल तेव्हा आम्ही याच फुटपाथवर असू. शब्द देते."

मी ऐकलंय. माझे कान काही शोभेचे नाहीत.

वेळ यायला एक हिवाळा पुरला. मालक मंडळींनी सफाईचं काम ठेकेदाराला द्यायचं ठरवलं. ओडेसा आणि तिच्या साऱ्या बायका घरी बसणार. त्या संपावर गेल्या. लॉइडने मला वादकांच्या दाराशी उभी केली. संध्याकाळी कार्यक्रम होता. वादक आत गेले नाहीत की काम फत्ते!

ते आले. काळे कपडे, हातात वाद्यांच्या पेट्या. मेरिडिथ पुढे झाली.

"ओडेसा, आमच्या करारात कलम आहे. दुसऱ्यांच्या संपासाठी काम थांबवता येत नाही. मोडलं तर करारच जाईल. त्या कलमाशिवाय मालक सही करत नव्हते."

"म्हणजे मला मिठी मारलीस तेव्हा तुला ठाऊक होतं."

"खुर्च्या वाचत होत्या गं."

"आणि माझा झाडू विकलास."

मेरिडिथने हातातली पेटी खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "आम्ही ठरवलंय, आत जायच्या आधी इथे तुमच्यासाठी वाजवायचं. पाठिंबा म्हणून."

"वाजवू नकोस, बाई," ओडेसा म्हणाली. "नुसती आत जाऊ नकोस. एवढंच कर."

त्यांनी वाजवलं! अर्धवर्तुळ करून, डोळे मिटून, काहीतरी संथ, रडवेलं. रस्त्यावरच्यांनी टाळ्या दिल्या. एकाचे डोळेही भरून आले. न वाजवणं हेच ज्यांच्या हातातलं एकमेव हत्यार, ते लोक आम्हाला वाजवून दाखवत होते!

मग कुणीतरी घड्याळ पाहिलं. पेट्या मिटल्या. एकेक जण माझ्या दोरीखालून वाकून गेला, जिथे बसून सूप प्यायला होता त्याच शेपटीशेजारून. माझं तोंड दाराकडे होतं, सगळ्यांच्या पाठी दिसल्या.

दार लागलं. थोड्या वेळाने आतून सूर आला. ओबोचा. तोच. मागच्या वर्षी त्या सुरावर सगळा फुटपाथ गर्जायचा. आज बाहेर कुणाच्या तोंडून शब्द फुटला नाही. लॉइडने येऊन पंखा बंद केला आणि मी ओडेसाच्या पायाशी कोसळले.

ठेकेदाराची माणसं आली. ओडेसा आता एका शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासते. लॉइडचे गुडघे गेले, तेव्हा युनियनवाल्यांनी मला तिच्या गॅरेजमध्ये आणून टाकलं. माझी शिवण उसवली होती, तिने ठिगळ लावलं. खरे उंदीर येऊन माझा कान कुरतडतात. बघा नशीब!

परवा मेरिडिथ आली. वादकांचा करार संपलाय, खुर्च्यांवर पुन्हा घाला आलाय.

"ओडेसा, घूस हवी होती."

"ने की. ती सगळ्यांची आहे, अडवणारी मी कोण?"

"आणि तू? येशील?"

"सूप हवंय का?"

मेरिडिथ दाराकडे वळली.

"ऐक," ओडेसा म्हणाली. "ही उभी असेल तिथे तिच्या पलीकडे मी पाऊल टाकणार नाही. ते माझ्याच्यानं व्हायचं नाही. पण तुझ्या शेजारी उभी राहायलाही मी येणार नाही."

उद्या मला नेतील. हवा भरतील, मी उठेन. हवा भरल्यावर न उठणं मला जमत नाही, आणि मालक मंडळींसमोर मी आडवी पडणारही नाही. पण दोऱ्या बांधणाऱ्या वादकांनो, या ठिगळाच्या म्हातारीचं एक मागणं ऐका. या खेपेला माझं तोंड दाराकडे करू नका. मालक कसे असतात ते मी जन्मभर पाहिलंय. मला तुमच्याकडे तोंड करून उभी करा. माझ्या डोळ्यांत बघा, आणि मग द्या तुमचा तो सूर.