धाकटी काय म्हणते

आमच्या नेटवर माणसं मेली आठवणी ऐकायला येत नाहीत, तमाशा बघायला येतात. हे मला ठाऊक आहे, कुणी शिकवायला येऊ नये.

मी दिवसभर पाण्याच्या पंपांच्या जळलेल्या मोटारी रिवाइंड करते, म्हणजे त्यांना नवी तार गुंडाळते, आणि रविवारी सकाळी हॅम रेडिओवर, म्हणजे लायसनवाल्या हौशी लोकांच्या बिनतारी संचावर, 'जुनं घर' नावाचं नेट चालवते. नेट म्हणजे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या फ्रीक्वेन्सीवर आपापल्या घरून सगळ्यांनी जमायचं. मी एकेकाला बोलवायचं आणि त्यानं जुनी आठवण सांगायची. विषय मी देते. घरातला पहिला पंखा, शाळेची घंटा, असले. सुरुवातीला बरी गर्दी असायची, मग एकेक गळायला लागला. एका रविवारी मी, दातांचा डॉक्टर आणि एक पेन्शनर एवढेच उरलो, आणि पेन्शनर बोलता बोलता झोपला. क्लबचा सेक्रेटरी टपूनच होता. "ताई, हजेरी दहाच्या वर गेली नाही तर ही वेळ मी माझ्या अँटेनाच्या वर्गाला देणार." त्या वर्गात तोच बोलतो आणि तोच ऐकतो, पण सेक्रेटरी पडला ना!

आता स्पष्टच सांगते. आठवडाभर माझ्यासमोर असतात त्या मोटारी, त्याही जळक्या. रविवार गेला तर मला माणसाचा आवाज कुठून ऐकू येणार?

म्हणून मी 'घरातला पहिला रेडिओ' हा विषय काढला आणि बाबांच्या सेटबद्दल बोलले. ऐकता येईल आणि बोलताही येईल असा तो सेट बाबांनी सुटे भाग गोळा करून स्वतः जोडला होता. आम्ही दोघी बहिणी त्यावरच हॅमवर बोलायला शिकलो. "आणि बाबा गेल्यावर," मी म्हणाले, "घरातल्या एका व्यक्तीनं तो भंगारात विकला."

लगेच आवाज आला. "ती व्यक्ती हजर आहे. ताई, तोंड सांभाळून बोल."

माझी धाकटी बहीण! तीन गल्ल्या पलीकडे राहते, पण बाबा गेल्यापासून आमचं बोलणं बंद. लायसन असलेल्या कुणालाही नेटवर नाही म्हणता येत नाही, नाहीतर दारातूनच हाकलली असती. त्या दिवशी आम्ही एकमेकींची अशी उणीदुणी काढली की विचारू नका.

पुढच्या रविवारी हजेरी दुप्पट. त्याच्या पुढच्या रविवारी त्याहून जास्त. कुणी माझ्या बाजूचे, कुणी तिच्या. विषय शाळेच्या दप्तराचा दिला तरी गाडी फिरून बाबांच्या सेटवर यायची. सेक्रेटरीचं तोंड बंद झालं. शनिवारी तारेचे वेढे घालताना माझ्या डोक्यात उद्याचे टोमणे तयार व्हायचे, आणि धाकटीही काही कमी नव्हती.

मग गेल्या महिन्यात तिचा आवाज आला तो अगदी बारीक, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. मी जवळ राहते म्हणून मला ऐकू आला. बाकीच्यांनी कालवा केला. "काय म्हणते ती? ताई, रिले करा!"

रिले म्हणजे ज्याला ऐकू येतं त्यानं दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे पुढे सांगायचे. पदरचं अक्षरही घालायचं नाही. मी स्वतःच नव्या लोकांना हा नियम घोकून घेते.

धाकटी म्हणत होती, "ताई, सेट मी विकला नाही. तू न विचारताच मला दोषी ठरवलंस, म्हणून मीही रागानं हो म्हटलं. इतके दिवस दुरुस्त करत होते. आता त्याच्यावरूनच बोलतेय. मिटवू या गं."

बाबांचा सेट! आणि तिकडे वीसेक माणसं कान टवकारून बसलेली. भांडण मिटलं की हे सगळे चहाचे कप उचलून चालते होणार.

मी बटण दाबलं. "ती म्हणते, हो, विकला! आणि पुन्हा हातात आला तर पुन्हा विकेन."

काय गदारोळ झाला! सेक्रेटरीसुद्धा मिटक्या मारत "अरेरे" म्हणाला. धाकटीला आमचं सगळं नीट ऐकू येत होतं, तिचा आवाज पोचत नव्हता एवढंच. पण बोलला तो डॉक्टर.

"ताई, माझं घर टेकडीवर आहे. मलाही ती ऐकू येतेय. ती असं म्हणाली नाही."

जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडात बोटं घालणारा माणूस, आज त्यानं माझ्या तोंडात घातली. तेवढ्यात धाकटी बोलली.

"राहू द्या, डॉक्टर. तिला काय सांगायचं ते सांगू दे. भांडण संपलं तर तिच्याकडे कोण येणार?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिव्या दिल्या असत्या तर मी तिला पुरून उरले असते. पण दया? माझी? जिच्या वेण्या मी घातल्या, ती माझी कीव करणार? डोळ्यांत पाणी आलं ते रागानंच आलं.

मी पुन्हा बटण दाबलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, तिच्या शब्दांत. सेट विकला नाही इथपासून ते ताईकडे कोण येणार इथपर्यंत. मग म्हणाले, "मघाशी मी खोटं बोलले. हे मात्र तिचं नाही, माझं आहे."

पुढच्या रविवारी डॉक्टर आला आणि पेशंट थांबलाय म्हणून लगेच गेला. बाकी कुणी फिरकलं नाही. सेक्रेटरीचा निरोप आधीच आला होता की पुढच्या महिन्यापासून वेळ त्याची. घाल म्हटलं डोक्यावर.

तरी मी हाक दिली. नुसती खरखर. परत दिली. मग तो बारीक आवाज आला.

"मी आहे, ताई. एकटीच आहेस?"

टोमणा मारावा तर ऐकायला कुणी नव्हतं. तिचं बोलणं पुढे सांगावं असंही कुणी नव्हतं. उत्तर मलाच द्यायचं होतं, आणि हिच्याशी नुसतं बोलायचं कसं, हेच मी विसरून गेले होते.

"एकटीच आहे," मी म्हणाले. "झाली का खूश?"

"नाही गं," धाकटी म्हणाली.