कडीची जागा

मी खांब बोलतोय. बुद्धमंदिरातला, दारातून आत शिरलं की डाव्या हाताचा पहिला. लोक मला बघून "वा!" म्हणतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. कारण मी लाकडाचा नाहीच, सिमेंटचा आहे.

माझ्या जागी पूर्वी खरा लाकडी खांब होता. त्याला वरून वाळवी लागली. बूड धड होतं, तरी ठेकेदारानं तो अख्खा काढून कुठं टाकला कोण जाणे, आणि मला ओतलं. मग रंगारी आला. त्याचा हात दारं रंगवण्यात बसलेला. त्यानं माझ्यावर लाकडाच्या रेषा, गाठी झकास काढल्या, पण सवयीनं कमरेच्या उंचीवर कडीची जागा कोरी सोडली. खांबाला कडी! आता गाइड तिथं बोट ठेवून सांगतो, "शेकडो वर्षं भिक्खू इथं हात टेकत आलेत, म्हणून रंग उडालाय." लोक माना डोलावतात. मी कुठं तोंड लपवू?

माझे शेजारी मात्र अस्सल. वरच्या तुळया एकमेकींत अशा गुंतवल्यात, की औषधाला खिळा सापडायचा नाही. सकाळी झरोक्यातून ऊन उतरतं ते नेमकं बुद्धाच्या मिटल्या पापण्यांवर.

परवा एक म्हातारी लेकीचा हात धरून आली. तिला जवळजवळ दिसत नव्हतं.

"डावीकडचा पहिला ना गं? तुझ्या आजोबांनी दुरुस्त केलेला. बुडाशी कमळाची कळी कोरलीय त्यांनी. मी शेजारी बसून भुसा फुंकायची."

ती खाली बसून चाचपू लागली. कळी माझ्यावरही आहे, पण नुसती रंगवलेली. बोटं तिच्यावरून पुन्हा पुन्हा गेली आणि त्यांना काहीच लागलं नाही.

लेक काय ते समजली. "आहे, आई. दिसतेय मला. सुरेख आहे."

"दिसतेय ना? मग झालं." पण तळहात तिनं तसाच ठेवला. जरा वेळानं हळूच म्हणाली, "लाकूड इतकं गार नसतं गं."

धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पण मी गेलो तर छप्पर कोसळणार, तीही सोय नाही.

उठताना तिनं मला थोपटलं. "तुझ्यावर कशाला चिडू, बाबा? माझ्या बापाच्या खांबाचं ओझं आता तूच तोलून धरलंयस."

चिडली असती तर बरं झालं असतं.

म्हणून विनवतो, मंदिर बघायला जरूर या, पण "वा!" माझ्या शेजाऱ्यांना म्हणा. आणि कळी कोरलेलं एखाद्या जुन्या खांबाचं बूड कुणाच्या परसात पडलेलं दिसलं, तर तेवढं इथं आणून ठेवा. म्हातारीचे डोळे गेलेत, पण तिच्या हातांना अजून दिसतं.