दहा दिवसांच्या गोळ्या

माझ्या लेकीच्या, पेनिनाच्या दुखऱ्या घशासाठी नर्स एसेताने पेनिसिलिनच्या दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि मला बजावलं, "दुखणं थांबलं तरी गोळ्या थांबवायच्या नाहीत. हा जंतू घशातून सुरू होतो आणि हृदयाच्या झडपा बिघडवतो." सवाई बेटावरच्या आमच्या गावात हे वेगळं सांगावं लागत नाही. शेजारची सिउला नऊ वर्षांची आहे, पण चर्चच्या चार पायऱ्या चढली की धापा टाकते.

मधेच तान्ह्याला घेऊन मला माहेरी जावं लागलं. सहाव्या दिवशी परतले तर पाकीट रिकामं होतं आणि पेनिनाचं अंग पुन्हा तापलेलं.

सासूबाई तारोच्या कंदांची सालं काढत होत्या. "तुझ्या दिराच्या ताविताच्या मांडीला गळू झालंय, त्याला दिल्या. तुझ्या सासऱ्यांचा पाय सुजलाय, त्यांनाही."

"आई, त्या तिच्या एकटीच्या होत्या."

"या घरात एकटीचं काय असतं गं?"

मी पोटुशी असताना माशाचा मोठा तुकडा याच हातांनी माझ्या पुढ्यात टाकला होता.

दुपारी सगळे दवाखान्यात गेलो. एसेताने ताविताचं गळू पाहिलं. "वाढलंच ना? याचा जंतू वेगळा, त्याला ही गोळी लागूच पडत नाही. याला दुसरं औषध देते. आजोबांचा पाय डॉक्टर बघतील. तुम्ही वाटणी केलीत, काकू, आणि पोट कुणाचंच भरलं नाही."

मग तिने पेनिनाच्या छातीला नळी लावली. बराच वेळ. सासूबाईंनी माझं मनगट धरलं होतं, की मी त्यांचं, आठवत नाही.

"आज आवाज स्वच्छ आहे," एसेता म्हणाली. "आता पेनिसिलिनचीच सुई देते, एकदाच. ही तरी वाटता येणार नाही. पण महिनाभर लक्ष ठेवा. सांधे सुजले किंवा ताप आला तर लगेच आणा."

सुई टोचताना पेनिना सासूबाईंच्या मांडीवर होती. रडून झाल्यावर तिने विचारलं, "ताविताला नाही का?"

"नाही गं राणी," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी तोंड फिरवलं.

आता रोज सकाळी त्या पेनिनाचे गुडघे चाचपतात, आधी उजवा, मग डावा. आज अठरावा दिवस. मी खोबरेल घेऊन शेजारी बसते, आणि त्यांचं झालं की मीही एकदा हात फिरवून बघते.